खोलीत उजेड किती? वॅट नव्हे, लक्स मोजा

दिवा विकत घ्यायला गेलो की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ''किती वॅटचा देऊ?'' आणि आपणही सवयीने सांगून टाकतो, ''द्या नऊ वॅटचा.'' घरी येऊन दिवा लावतो, खोली उजळलेली दिसते आणि विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी अभ्यासाला बसलेला मुलगा पुस्तक डोळ्यांजवळ नेताना दिसतो, आजी सुईत दोरा ओवायला खिडकीशी जाऊन उभी राहते. पण याचा संबंध आपण चष्म्याशी जोडतो, दिव्याशी जोडत नाही.

यात आपला फारसा दोष नाही. उजेडाच्या बाबतीत डोळ्यासारखा अविश्वासू साक्षीदार दुसरा नाही! भर उन्हात जमिनीवर लाखभर लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. तरी आपण दोन्हीकडे चालू शकतो, माणसे ओळखू शकतो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डोळ्याचा पडदा अधिक संवेदनशील होतो आणि पाचदहा मिनिटांत मन म्हणते, ''ठीक आहे, दिसतंय की!'' ही डोळ्याची शक्ती मोठीच. पण तिच्यामुळेच खोलीत उजेड पुरेसा आहे की नाही, हे नुसते बघून सांगता येत नाही. त्यासाठी हिशेब मांडावा लागतो. हिशेब मात्र अगदी सोपा आहे. मोजपट्टी, कागद आणि शाळेतला गुणाकार-भागाकार एवढे भांडवल पुरते.

तीन शब्द, तीन अर्थ

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, त्याचे माप. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचे माप. आणि लक्स म्हणजे तो उजेड एखाद्या पृष्ठभागावर किती दाट पडतो, त्याचे माप. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की झाला एक लक्स.

पूर्वी वॅट सांगून काम भागत असे, कारण सगळ्यांच्या घरी एकाच जातीचा तारेचा पिवळा बल्ब होता. साठ वॅटचा बल्ब सुमारे 700 ल्युमेन उजेड देई. जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड, हे गणित तेव्हा बरोबर होते. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर एलईडी दिवे घरोघर पोचले आणि तोच साठ वॅटच्या बल्बचा उजेड आठ-नऊ वॅटमध्ये मिळू लागला. वॅट उरला तो फक्त विजेच्या बिलापुरता. दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. यापुढे खरेदी करताना तो आकडा वाचायचा.

आता, उजेड हवा तरी किती? आपल्याकडील राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या निरनिराळ्या कामांसाठी आकडे दिलेले आहेत. जिना आणि न्हाणीघर 100 लक्स, जेवणाची जागा आणि सहज चाळण्यापुरते वाचन 150 लक्स, स्वयंपाकघर 200 लक्स, सलग वाचन आणि शाळेचा अभ्यास 300 लक्स, शिवणकामासारखे बारीक काम 700 लक्स. हे आकडे खोलीच्या नव्हे, तर कामाच्या हिशेबाने दिलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कावेरीकाठची एक खोली

उदाहरणासाठी आपण आज जरा लांब, तामिळनाडूत जाऊ. कुंभकोणमजवळ साक्कोट्टै नावाचे गाव आहे. हा सगळा तंजावरचा मुलूख. शिवरायांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचे राज्य उभे केले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी घराणी तिथलीच झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणमलाच एका तंजावरी मराठी घरात जन्मले. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणही कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात गेले. ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे.

या भागातली जुनी घरे आपल्या वाड्यांची भावंडे शोभतील अशी असतात. रस्त्याच्या बाजूला ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. आत उघडा चौक, म्हणजे मुट्रम. त्याच्या भोवती खोल्या आणि वर कौलांचे उतरते छप्पर. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की जीव थंड होतो, कारण ऊन आत येऊच दिलेले नसते. पण उन्हाबरोबर उजेडही अडतो. चौकापासून दूर असलेल्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. पुण्याचा वाडा, कोकणातले घर किंवा मुंबईच्या चाळीतली आतली खोली आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

तर साक्कोट्टैला अशा घरात असते तशी एक खोली धरू. लांबी 3.6 मीटर, रुंदी 3 मीटर. आपल्या भाषेत बारा फूट बाय दहा फूट. क्षेत्रफळ 10.8 चौरस मीटर. वर छत नाही, काळपट वासे आणि कौले. भिंतींचा चुना धुराने आणि वर्षांच्या वापराने मळलेला. एका भिंतीवर 2.4 मीटर उंचीवर 20 वॅटची एलईडी ट्यूब, खोक्यावर लिहिलेले 2000 ल्युमेन. समोरच्या कोपऱ्यात दहावीतला मुलगा जमिनीवर बसून चौरंगावर अभ्यास करतो. खोलीत आजीही आहे; तिचे वाचन आणि टाकेदोरे तिथेच चालतात. ही खोली कागदावरची असली तरी अशा खोल्या खूप आहेत.

धरणातले सगळे पाणी शेतात पोचत नाही

पहिला मोह असा होतो, की 2000 ल्युमेन भागिले 10.8 चौरस मीटर, म्हणजे 185 लक्स. चांगलाच उजेड झाला! पण हे गणित चुकते. का, ते साक्कोट्टैच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. हा कावेरीच्या कालव्यांचा प्रदेश. 1934 मध्ये पुरे झालेल्या मेट्टूर धरणातून परंपरेने 12 जूनला पाणी सोडतात आणि त्यावर इथली कुरुवै भाताची लावणी अवलंबून असते. पण धरणातून सुटलेले सगळे पाणी शेतात येत नाही. वाटेत काही मुरते, काही उडून जाते, काही गाळाने अडते. हातात येते ते उरलेले.

उजेडाचेही असेच. ट्यूबमधून सुटलेला उजेड काही थेट खाली येतो, काही भिंतींवर आणि छपरावर जातो. पांढरी भिंत त्यातला बराच परत पाठवते. काळी भिंत गिळून टाकते. सुटलेल्या उजेडापैकी कामाच्या पातळीवर जेवढा हिस्सा पोचतो, त्याला प्रकाशयोजनेच्या शास्त्रात 'उपयोग गुणांक' म्हणतात.

हा गुणांक दोन गोष्टींवर ठरतो: रंग आणि खोलीचा आकार. आकारासाठी एक निर्देशांक काढतात. लांबी गुणिले रुंदी, आणि त्याला भागायचे दिव्याची कामाच्या पातळीपासूनची उंची गुणिले लांबी-रुंदीची बेरीज याने. इथे एक बारकावा आहे. पाठ्यपुस्तके कामाची पातळी टेबलाएवढी, म्हणजे सुमारे पाऊण मीटर धरतात. आपला मुलगा तर चौरंगावर लिहितो आहे. त्याची वही जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर. म्हणून दिव्याची उंची 2.4 वजा 0.3, म्हणजे 2.1 मीटर. निर्देशांक झाला 10.8 भागिले (2.1 गुणिले 6.6), म्हणजे सुमारे 0.78. हा आकडा जितका लहान, तितकी खोली अरुंद आणि उंच, आणि तितका उजेड भिंती खातात. मोठ्या दिवाणखान्यात तो दोनतीनच्या घरात जातो.

अशा लहान खोलीत, उघड्या ट्यूबसाठी, भिंती आणि छप्पर काळपट असतील तर उपयोग गुणांक ढोबळमानाने 0.25 धरावा. छत पांढरे आणि भिंती फिक्या असतील तर 0.40. दिव्यांच्या कंपन्या याची नेमकी कोष्टके देतात, पण घरगुती हिशेबाला एवढे पुरे.

दुसरी घट धुळीची. दिवा जुना होतो, त्यावर धूळ आणि किडे बसतात. त्यासाठी 'निगा गुणांक' धरतात. स्वच्छ खोलीत 0.8, फोडणीच्या धुरातल्या स्वयंपाकघरात 0.7 किंवा त्याहून कमी.

आता मांडा गणित

सूत्र असे: सगळ्या दिव्यांचे मिळून ल्युमेन, गुणिले उपयोग गुणांक, गुणिले निगा गुणांक, भागिले क्षेत्रफळ. उत्तर येते ते खोलीतला सरासरी उजेड, लक्समध्ये.

आपल्या खोलीत: 2000 गुणिले 0.25 गुणिले 0.8, म्हणजे 400. त्याला 10.8 ने भागले की 37 लक्स. कुठे 185 आणि कुठे 37!

आता भिंतींना पांढरा चुना दिला आणि वाशांखाली पांढरे छत केले, तर 2000 गुणिले 0.40 गुणिले 0.8, म्हणजे 640; भागिले 10.8, म्हणजे 59 लक्स. दिवा तोच, बिल तेच, पण उजेड दीडपटीहून अधिक. घरात उजेड कमी वाटला की आपण दिवे वाढवतो. खरे तर पहिला विचार रंगाचा करावा. गडद निळी किंवा विटकरी भिंत मासिकातल्या छायाचित्रात शोभून दिसते. तिची किंमत दर महिन्याच्या बिलात द्यावी लागते.

पण 59 लक्सही अभ्यासाला अपुरेच. 300 लक्सची सरासरी हवी तर किती ल्युमेन लागतील? गणित उलटे करा. 300 गुणिले 10.8, म्हणजे 3240, त्याला 0.40 गुणिले 0.8, म्हणजे 0.32 ने भागा. उत्तर सुमारे 10,000 ल्युमेन, म्हणजे पाच ट्यूब! एवढ्याशा खोलीत पाच ट्यूब कोण लावणार? आणि लावाव्यात तरी का?

सरासरी फसवते

इथेच या विषयाचे मर्म आहे. आपण काढले ते सरासरीचे उत्तर. समजा पांढऱ्या रंगानंतर आपण खोलीचे सारखे नऊ चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर, वहीच्या उंचीला, लक्समापक ठेवून आकडे घेतले. ट्यूबखालच्या तीन चौकोनांत 110, 95 आणि 80 आले. मधल्या तिघांत 60, 55 आणि 45. समोरच्या भिंतीकडच्या तिघांत 35, 30 आणि 22. बेरीज 532, भागिले नऊ, सरासरी 59. हिशेब जुळला!

पण मुलगा बसतो कुठे? समोरच्या कोपऱ्यात. त्याच्या वहीवर 59 नव्हे, 22 लक्स आहेत. त्यातून तो भिंतीकडे तोंड करून बसला, तर ट्यूब त्याच्या पाठीशी आणि स्वतःचीच सावली वहीवर. सरासरीच्या जवळजवळ दुप्पट उजेड ट्यूबखालच्या मोकळ्या जमिनीवर पडला आहे, जिथे कोणी बसत नाही.

पुन्हा कालव्याकडे पाहा. धरणातून अमुक इतके पाणी सोडले आणि तमुक एकर भिजले, असे वर्तमानपत्रात छापून येते. सरासरी उत्तम असते. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्याला आपल्याकडे 'टेलचा' म्हणतात, त्याच्या वाफ्यात भेगा पडलेल्या असतात. कावेरीच्या मुखाकडचा शेतकरी असो की नीरा-भाटघरच्या कालव्यावरचा, हे दुःख सारखेच. आपल्या खोलीतला टेलचा शेतकरी म्हणजे कोपऱ्यातला मुलगा. म्हणून सरासरी जरूर काढा, पण तिथे थांबू नका. काम जिथे चालते, तिथला आकडा वेगळा काढा.

दिवा जवळ आणा

साक्कोट्टैपासून जवळच नाचियारकोईल हे गाव पितळी दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या उंच समयांना, म्हणजे कुत्तुविळक्कूंना, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ही समई आपल्याला एक मोलाची गोष्ट शिकवते. एका वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीएवढा. एक मीटर अंतरावर त्याचा एक लक्स पडतो. अंतर अर्धे केले की उजेड दुप्पट नव्हे, चौपट होतो: चार लक्स. पाव मीटरवर नेले की सोळा. आपल्या आज्या-पणज्या पोथी वाचताना दिवा अगदी पुढ्यात घेऊन बसत, त्यामागे हेच गणित होते, सूत्र ठाऊक नसले तरी!

विजेच्या दिव्यालाही नियम तोच. 800 ल्युमेनचा नऊ वॅटचा साधा बल्ब घ्या. त्याचा उजेड सर्व दिशांना सारखा पसरला असे धरले, तर कोणत्याही एका दिशेला त्याची शक्ती 800 भागिले 12.57, म्हणजे सुमारे 64 मेणबत्त्यांएवढी. हा बल्ब वहीपासून अर्ध्या मीटरवर आणला की वहीवर 64 गुणिले चार, म्हणजे सुमारे 255 लक्स पडतात. खोलीचे 22 त्यात मिळवा. झाले पावणेतीनशेच्या वर. बल्बवर आतून पांढरी टोपी असेल तर वर-बाजूला जाणारा उजेडही खाली वळतो आणि 300 चा आकडा सहज ओलांडला जातो.

पाच ट्यूब म्हणजे 100 वॅट. रोज चार तास धरले तर महिन्याला 12 युनिट. एक ट्यूब आणि एक टेबललॅम्प मिळून 29 वॅट. महिन्याला साडेतीन युनिट. आणि वहीवरचा उजेड जवळजवळ तेवढाच! मात्र टेबललॅम्प लावून बाकीची खोली काळोखी ठेवू नये. उजळ वहीवरून नजर उचलली की काळोख, पुन्हा वही, या फेऱ्यांनी डोळे शिणतात. म्हणून ट्यूबही चालू ठेवावी. दिवा उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला आणि डावखुऱ्याच्या उजव्या बाजूला असावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. उघडा बल्ब डोळ्यांना थेट दिसू नये.

आजीचा हिशेब निराळा

आता आजीकडे वळू. वयाबरोबर बाहुली लहान राहते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर, धूसर होत जाते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो. म्हणजे नातवाला ज्या उजेडात स्वच्छ दिसते, त्याच उजेडात आजी चाचपडते. ''आजी, एवढा उजेड आहे, तरी तुला दिसत नाही?'' असे म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे. तिच्या वाचनाच्या जागी, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर संहितेच्या आकड्यापेक्षा जास्तच उजेड द्यावा. अंधूक उजेडात न दिसलेली एक पायरी मांडीचे हाड मोडायला पुरेशी असते. अशा दुखण्याच्या खर्चापुढे दिव्याचा खर्च काहीच नाही.

दिव्याने न भागणारी गरज

एक गैरसमजही दूर करू. कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात, असे घरोघर सांगतात. त्याने डोळे दुखतात, डोके जड होते, वाचनाचा कंटाळा येतो, हे खरे; पण कायमची इजा होते असे डॉक्टर सहसा मानत नाहीत. मुलांच्या चष्म्याच्या बाबतीत मात्र दिवसाच्या उजेडाचे महत्त्व पुढे आले आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात शाळकरी मुलांना रोज 40 मिनिटे जादा मैदानावर नेण्याचा प्रयोग झाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लांबचे कमी दिसण्याचा दोष नव्याने जडला, तर इतर मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. कोणत्याही ट्यूबने ही भरपाई होणार नाही. मुलांना बाहेर खेळायला धाडा!

घरातही दिवसाचा उजेड मोजता येतो. भारतीय मानकाने हिशेबासाठी बाहेरच्या आकाशाचा उजेड 8000 लक्स धरला आहे. त्याचा एक टक्का आत पोचला तर 80 लक्स. बैठकीच्या खोलीला किमान 0.625 टक्के, म्हणजे 50 लक्स. अभ्यासाच्या खोलीला 1.9 टक्के, म्हणजे सुमारे 150. स्वयंपाकघराला अडीच टक्के, म्हणजे 200 लक्स मिळावेत, अशी अपेक्षा आहे. साक्कोट्टैच्या खोलीत कौलांमध्ये एखादे काचेचे कौल बसवले किंवा चौकाकडच्या भिंतीला पांढरा रंग दिला, तरी दिवसाचे चित्र पालटते. कोकणात हा काचेच्या कौलाचा उपाय नवा नाही.

तुमच्या घरी असे करा

1. खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा आणि क्षेत्रफळ काढा. फूट असतील तर 0.305 ने गुणा.
2. खोलीतल्या सर्व दिव्यांच्या ल्युमेनची बेरीज करा. खोके हरवले असेल तर एलईडीच्या दर वॅटमागे 90 ते 100 ल्युमेन धरा.
3. लहान खोलीत फिक्या भिंतींना 0.40, काळपट भिंतींना 0.25 ने गुणा. मग धुळीसाठी 0.8 ने गुणा.
4. क्षेत्रफळाने भागा. ही झाली सरासरी.
5. आता माणसे जिथे बसतात त्या जागा पाहा. हातात लक्समापक असेल तर उत्तमच. मोबाइलवरच्या सोयीने नेमका आकडा मिळत नाही, पण दोन जागांची तुलना करता येते.
6. उजेड कमी पडला तर क्रम असा ठेवा: आधी दिवा पुसा, मग बसण्याची जागा बदला, मग रंग, मग जवळचा छोटा दिवा. छतावरचे दिवे वाढवणे सर्वांत शेवटी.

पहिल्या दोन उपायांना तर पैसाही लागत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलाने चौरंग उचलून ट्यूबखाली आणला, तर त्याच्या वहीवरचा उजेड 22 वरून 110 लक्सवर, म्हणजे पाचपट होतो. आज संध्याकाळी दिवे लागले की आपल्या घरात कोण कुठे बसून वाचतो, शिवतो, निवडतो, एवढे तरी एकदा फिरून पाहा.